गडग्याच्या दोन्ही बाजूंनी

आमच्या आणि तात्यांच्या घरामध्ये जांभ्या दगडाचा गडगा आहे, साधारण १४० फूट लांब. राजापूर तालुक्यातली आमची वाडी उतारावर आहे. घरं एकाखाली एक, टप्प्याटप्प्यांनी बसलेली. वरच्या टप्प्यावर तात्या, खालच्या टप्प्यावर आम्ही. तात्या म्हणजे माझ्या यजमानांचे चुलत भाऊ, वयानं अकरा वर्षांनी मोठे. आजोबांच्या हयातीत वाटप झालं तेव्हा हा गडगा मध्ये आला.

२०१९ साली मी बँकेतून निवृत्त झाले आणि डोंबिवलीची जागा मुलीकडे सोपवून आम्ही दोघं गावी आलो. त्याआधीची तीसेक वर्षं हे घर फक्त मे महिन्यात आणि गणपतीत उघडायचं. बाकीचे दहा महिने त्याच्यावर लक्ष ठेवायचे ते तात्या. आम्ही कायमचे राहायला आलो आणि दोनच वर्षांत त्यांच्या घराशी आमचं बोलणं तुटलं. पुढची पावणेदोन वर्षं ते तुटलेलंच होतं.

आता ते पुन्हा जुळलं आहे. वाडीतली, नात्यातली माणसं विचारतात, कसं मिटवलंत. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते इथे सलग लिहिते आहे. यात आम्ही केलेल्या चुका जास्त आहेत. त्या वगळून सांगितलं तर कुणाच्या उपयोगाचं राहणार नाही.

१. नोटिशीच्या आधी पन्नास पावलं चाला

२०२१च्या जुलैत, चिपळूण पुरात बुडालं त्याच आठवड्यात, एका रात्री गडग्याचा बारा फुटांचा तुकडा आमच्या परसात कोसळला. चिरे, माती, पाणी सगळं एकदम आलं. न्हाणीघराची एक भिंत त्यात गेली. सकाळी उजाडल्यावर पाहिलं, तर वर तात्यांच्या शेडच्या पत्र्याची कड बरोबर त्याच जागी होती आणि धारा तिथेच पडत होत्या. आंब्याच्या पेट्या भरायला त्यांनी २०१८ साली खळ्यावर ही शेड घातली होती, पत्र्याचा उतार आमच्या बाजूला.

आमच्या ओटीवरून त्यांच्या ओटीवर जायला पन्नास पावलं लागतात. त्या सकाळी वर जाऊन ‘तात्या, खाली येऊन जरा बघा’ एवढंच म्हणायचं होतं. आम्ही फोटो काढले, रागानं दार लावून घेतलं आणि पंधरवड्यात वकिलांची नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवली.

तात्या तेव्हा घरी नव्हते. पोस्टमननं पाकीट वहिनींच्या हातात दिलं. वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी ते शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून ज्या दिराला त्यांनी जेवू घातलं, त्याच्या नावानं आलेलं आणि ‘अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई करण्यात येईल’ असं संपणारं पत्र त्यांनी एका पोराच्या तोंडून ऐकलं. हे मला दीड वर्षानं कळलं. यातलं दुसरं काहीही मी विसरू शकेन, हे नाही.

नोटिशीला उत्तर आलं. गडगाच आमच्या जमिनीत आहे, फणस आमचा आहे, तुमच्या संडासाच्या खड्ड्यानं आमची विहीर बिघडली आहे. इतकी वर्षं कुणी उच्चारल्या नव्हत्या त्या सगळ्या गोष्टी एका कागदावर आल्या.

नोटीस पाठवूच नये असं मी म्हणत नाही. कधीकधी ती पाठवावीच लागते. पण आधी तोंडानं सांगून, मग दोन माणसांसमक्ष सांगून, मग साध्या पत्रानं, असं करत तिथवर यावं.

२. रेघ नंतर, पाणी आधी

पुढचं जवळजवळ दीड वर्ष पडलेला तुकडा तसाच होता, ताडपत्री टाकून झाकलेला. २०२२च्या डिसेंबरात आम्ही तो पुन्हा बांधायचं ठरवलं आणि गडगे रचण्यात हयात गेलेल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यानं पडलेली जागा पाहिली, उभ्या राहिलेल्या भागावरून हात फिरवला आणि मला म्हणाला, “काकी, हा गडगा नाय. तुम्ही धरण बांधलाव.”

मग त्यानं समजावून सांगितलं. गडगा कोरडा रचतात, चुना-सिमेंटाशिवाय, चिऱ्यावर चिरा. वरच्या टप्प्यावर मुरलेलं पाणी चिऱ्यांच्या फटींतून पाझरून खाली जातं. म्हणून असे गडगे पन्नास पन्नास पावसाळे काढतात. आम्ही गावी आलो त्याच हिवाळ्यात, साप-विंचू येऊ नयेत म्हणून, सगळ्या सांध्यांत सिमेंट भरून घेतलं होतं. पाणी जायला एक भोकसुद्धा ठेवलं नव्हतं. त्यामुळे वरचं पाणी गडग्यामागे साचत गेलं, माती भिजून जड झाली आणि तिनं भिंत पुढे लोटली. २०२०च्या पावसात गडग्याला पोट आलं होतं. ते आम्ही पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. शेड झाल्यावरचे दोन पावसाळे, २०१८ आणि २०१९, हाच गडगा हलला नव्हता. आमच्या नोटिशीत या दोन पावसाळ्यांचा उल्लेखच नव्हता.

म्हणून पत्र्याचा दोष नव्हता असं नाही. हिशोब साधा आहे. शेड ४० फूट बाय ३० फूट, म्हणजे १२०० चौरस फूट, सुमारे १११ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. जुलैत आमच्याकडे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस होणं नवलाचं नाही. त्या दिवशी त्या पत्र्यावरून ११ हजार लिटर पाणी एका कडेनं खाली येतं. पूर्वी तेच पाणी सबंध खळ्यावर पसरून मुरत होतं. तात्यांनी ते एका जागी गोळा केलं आणि आम्ही त्याची वाट बुजवली. गडगा दोघांनी मिळून पाडला.

ही गोष्ट कुठल्याही नकाशात दिसली नसती. म्हणून ज्यांचा असा वाद चालू आहे त्यांना मी सांगते, भर पावसात छत्री घेऊन हद्दीवर तासभर उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे वळतं ते बघा. जमलं तर शेजाऱ्याच्या बाजूनंही बघा.

३. मोजणी करून घ्या, पण तिच्याकडे निवाडा मागू नका

गवंडी येण्याच्या आधी, २०२२च्या फेब्रुवारीत, आमची मोजणी होऊन गेली होती. हद्दकायम मोजणीचा अर्ज भूमि अभिलेख कार्यालयात आम्हीच दिला होता, तातडीची फी भरून. लगतदार म्हणून तात्यांना नोटीस गेली. ठरल्या दिवशी भूकरमापक यंत्र घेऊन आले. गडग्याच्या वरच्या अंगाला तात्या आणि मुंबईहून मुद्दाम आलेला त्यांचा मुलगा, खालच्या अंगाला आम्ही. चार तास कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

निघालं ते असं. पूर्वेच्या टोकाला गडगा त्यांच्या जमिनीत नऊ इंच गेलेला, पश्चिमेच्या टोकाला आमच्या जमिनीत दीड फूट आलेला. म्हणजे आम्हीही आत आणि तेही आत. आणि ज्या फणसावर दोघांचा दावा होता, त्याच्या बुंध्यातूनच रेघ गेली.

मोजणीच्या क-प्रतीवर अभिलेखाप्रमाणे असलेली हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट अशा दोन रेघा असतात. त्या दोन रेघांमधल्या पट्टीचं काय करायचं हे भूकरमापक सांगत नाही. ते त्याचं कामही नाही. तो खुणा दाखवतो आणि जातो. जागा ताब्यात हवी तर दिवाणी न्यायालय. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा अर्ज. तात्यांच्या मुलानं तिथेच सांगितलं, आम्ही निमताना मागणार.

घरी आल्यावर ह्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती डोक्यात राहिली. इंग्रजांच्या काळातली मोजणी ज्या साखळीनं होत असे ती ३३ फुटांची होती. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, हे आपण आजही धरून चालतो. त्या साखळीचे सोळा भाग, एकेका भागाला आणा म्हणायचे. आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. आमचे नऊ इंच म्हणजे अर्धा आणासुद्धा नाही. ज्या मापानं ही जमीन मुळात मोजली गेली, त्या मापाच्या सर्वांत लहान भागाच्याही निम्म्याहून कमी जागेसाठी आम्ही भावाशी बोलणं टाकलं होतं.

तरी मोजणी केली हे बरंच झालं. तिच्यामुळे दोन्ही घरांचा ‘आमचंच खरं’ हा सूर खाली आला. पुढे जागा विकायची असेल, कर्ज काढायचं असेल, नवं बांधकाम करायचं असेल तर ती लागतेच. फक्त ती झाली की सगळं मिटेल या आशेवर थांबू नये. आम्ही तसे थांबलो आणि त्यात एक आख्खा पावसाळा गेला.

४. त्यांच्या अंगणात उभं राहून आपलं घर बघा

गवंड्यानं आणखी एक गोष्ट केली. वरून बघितल्याशिवाय चिऱ्याला हात लावणार नाही म्हणाला आणि सरळ तात्यांच्या खळ्यात गेला. तिथून त्यानं मला हाक मारली. नाही म्हणता येईना. दीड वर्षानं मी त्या खळ्यात पाऊल टाकलं.

वहिनी बाहेर आल्या. आमच्याकडे घरी आलेल्याला आधी पाणी विचारतात, भांडण असलं तरी. त्यांनी तांब्या आणून ठेवला आणि म्हणाल्या, “उकळलेला आहे. विहिरीचा आम्ही आता उकळूनच पितो.”

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. मला पाणी प्यायची भीती वाटू नये म्हणून सांगत होत्या.

तात्यांची जमीन गडग्याच्या पश्चिम टोकाशी वळसा घेऊन खाली येते आणि तिथे, आमच्या परसाच्याही खालच्या अंगाला, त्यांची विहीर आहे. आम्ही आल्यावर नवा संडास बांधला, सेप्टिक टँक घातला आणि शोषखड्डा त्याच बाजूला काढला, कारण तिथे खोदायला सोपं होतं. त्यांच्या उत्तरातलं विहिरीचं वाक्य वाचलं तेव्हा आम्हाला ते उगाच काढलेलं कुसपट वाटलं होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी टेप धरला. खड्ड्यापासून विहीर नऊ मीटर भरली. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा निदान १५ मीटर तरी लांब हवा. जांभा तर सच्छिद्र दगड, त्यातून पाणी चाळणीसारखं उतरतं.

गावात पाणी तपासायला येणाऱ्या आरोग्यसेवकाला मी स्वतः विनंती केली. त्यानं तात्यांच्या विहिरीचं पाणी एच-टू-एसच्या बाटलीत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली होती. विहिरीवर झाडाचा पातेरा पडतो, गुरंही जवळ बांधलेली असतात, तेव्हा सगळं आमच्याच खड्ड्यातून गेलं असेल असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नाही. पण त्या घरात दोन लहान नातवंडं मे महिन्यात येऊन ते पाणी पीत होती.

जानेवारीत आम्ही शोषखड्डा बुजवला आणि पूर्वेला, विहिरीपासून बावीस मीटरवर नवा काढला. कुणाला कळवलं नाही, काही अट घातली नाही. खोदाई चालू असताना तात्या गडग्यापाशी येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत होते. जाताना म्हणाले, “खाली कातळ लागला तर सांगा. माझ्याकडे पहार आहे.” वाद सुटायला सुरुवात झाली ती त्या दिवशी.

५. कायदा स्वतःच्या विरुद्धही वाचा

आम्ही कायदा विचारायला गेलो ते आमची बाजू भक्कम करायला. दुसऱ्या एका वकिलीणबाईंनी तो दोन्ही बाजूंनी सांगितला, तेव्हा डोळे उघडले.

१८८२च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिक उतारानं खालच्या जमिनीवर येणं हा वरच्याचा हक्क आहे. खालच्यानं ते घ्यायलाच हवं. म्हणजे ‘तुमचं पाणी आमच्याकडे येता कामा नये’ ही आमची नोटिशीतली भाषाच चूक होती. मात्र पत्र्यावर गोळा करून एका जागी सोडलेलं पाणी नैसर्गिक म्हणता येत नाही. तसा हक्क सांगायचा तर २० वर्षं उघडपणे, विनातक्रार, हक्कानं ती वहिवाट चालू असायला हवी. शेडला तीन-चार वर्षं झाली होती. इथे तात्या कमी पडत होते.

आणि इथे आम्ही. १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा आजही लागू आहे. शेतीच्या, झाडांच्या जमिनीवरून नैसर्गिकपणे वाहून जाणारं पाणी कुणी अडवलं आणि त्यानं नुकसान होत असेल तर तो अडथळा काढायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. आमच्या सिमेंटच्या गडग्यामागे पाणी साचून तात्यांच्या कडेच्या पोफळी पिवळ्या पडल्या होत्या, हे मला त्यांच्या खळ्यात गेल्यावर दिसलं. २०२०च्या सुरुवातीला ते तहसीलदारांकडे गेले असते तर उत्तर आम्हाला द्यावं लागलं असतं. ते गेले नाहीत. त्यांना कायदा माहीत नव्हता की गेले नाहीत ते भावाकडे बघून, हे मी अजून विचारलेलं नाही.

६. पोलीस ठाण्याची वाट

गडगा पडल्यावर एकदा मोठ्यानं बोलाचाली झाली तेव्हा तीन जणांनी आम्हाला एनसी नोंदवायला सांगितलं. गेलो नाही, हे एक शहाणपण आमच्याकडून झालं. अदखलपात्र नोंदीवर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. बहुतेक वेळा होतं ते असं की दोन्ही घरांना बोलावून शांततेच्या हमीची कारवाई होते. गावात तिला अजून ‘१०७’ म्हणतात, २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते कलम १२६ झालं आहे. त्या कागदावर नाव आलं की माणूस वाडीत तोंड लपवून फिरतो आणि मग समेट करायलाही पुढे येत नाही. कुणी हात उगारला, धमकी दिली, बाईमाणसाला त्रास दिला तर मात्र क्षणाचा विचार न करता जावं.

७. वही

तारीख, वेळ, पाऊस किती, पाणी कुठे साचलं, कुठली फांदी कधी पडली, हे एका वहीत लिहून ठेवा. फोटोत टेप किंवा काठी धरा म्हणजे माप कळतं. मी वही सुरू केली ती कोर्टात दाखवायला. कामाला आली ती गवंड्याच्या. गडग्यामागचं पाणी वळवायला पुढे जो चर काढला, त्याची खोली त्यानं माझ्या नोंदींवरून ठरवली.

८. झाडाचा विषय वेगळा काढा

फणस पाण्याच्या वादात मिसळला की काहीच सुटत नव्हतं. म्हणून तो शेवटी घेतला.

बरका फणस आहे, दोन्ही घरांच्या वाटपाच्या आधीचा. त्याची एक मोठी फांदी आमच्या न्हाणीघरावर आली होती आणि दर वर्षी दोन-चार फळं कौलांवर पडायची. पंधरा-वीस किलोचं फळ वरून आलं की कौलांखालचा वासासुद्धा मोडतो. आम्हाला ती फांदी नको होती. तात्यांना तिच्यावर कुऱ्हाड घालणं म्हणजे आजोबांवर हात टाकणं वाटत होतं.

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली तर ती हद्दीपर्यंत छाटता येते. अंगावर आलेल्या फांदीला वर्षं लोटली म्हणून हक्क लागत नाही. पण झाड तोडणं वेगळं. झाडं तोडण्याबाबतच्या १९६४च्या कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, खैर, जांभूळ ही झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते पाडता येत नाही आणि झाडाला इजा होईल अशी तोडही त्यात येते. हे दोघांना नीट कळल्यावर ‘पाडून टाकतो’ आणि ‘पाडून दाखवा’ ही भाषा थांबली. आम्ही विचारून, माहितगार माणसाकडून फक्त न्हाणीघरावरची फांदी हलकी करून घेतली. उरलेल्या फांद्यांवरची फळं तयार व्हायच्या आत उतरवायची, हे काम तात्यांनी घेतलं. फळं निम्मी निम्मी.

९. मध्ये कोण बसतो हे बघा

१५ ऑगस्ट २००७ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या गावातही समिती झाली होती. तिचे जुने अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांच्या जमिनीची हद्द आमच्या दोघांच्याही जमिनीला लागत नाही, आणि दोन्ही घरांतली पोरं त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्यांच्याबरोबर आम्ही गवंड्यालाही बसवलं. माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं ठरलं. गुरुजींनी माणसं शांत ठेवली, पण ‘चर किती खोल?’, ‘खर्च किती?’ याचं उत्तर गवंड्याकडे होतं. बोलणी हवेत राहिली नाहीत.

देवळाच्या सभामंडपात दोन बैठका झाल्या. गुरुजींची अट एकच होती, बैठक संपेपर्यंत मुंबईला फोन लावायचा नाही. तात्यांचा मुलगा आणि आमची मुलगी दोघंही आमच्यावरच्या मायेनं तापलेले होते. लांबून फक्त अपमान ऐकू येतो, पाणी दिसत नाही.

१०. बायकांमधलं येणं-जाणं तोडू नका

२०२१च्या गणपतीत आमच्याकडे आरतीला तात्यांच्या घरचं कुणी आलं नाही. ‘येणार नाहीत’ हे माहीत होतं, तरी मी पाट मांडून ठेवला होता. २०२२ला मांडला नाही. ते मला जास्त लागलं.

त्या काळात वहिनींशी विरजणाची, कढीपत्त्याची देवघेवसुद्धा मी थांबवली. पुरुषांचं भांडण, आपण मध्ये कशाला, असं मनाशी म्हणत राहिले. खरं तर मला राग होता. आम्ही दोघी बोलत राहिलो असतो तर विहिरीचं पाणी बिघडल्याचं मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं असतं. ती दोन वर्षं पोरं ते पाणी प्यायली नसती. याबद्दल मी वहिनींची माफी मागितली. त्यांनी विषय बदलला आणि जाताना कोकमं बांधून दिली.

११. कागद करा, पण त्याच्याकडून भलतं मागू नका

२०२३च्या एप्रिलमध्ये १०० रुपयांच्या स्टँपपेपरवर समजुतीचा करार झाला. त्यातल्या गोष्टी अशा: शेडच्या कडेला पन्हळ तात्यांनी घालायची. पन्हळीचं पाणी पाइपानं चरात सोडायचं. चर गडग्याच्या वरच्या अंगानं, तात्यांच्या जागेतून, पूर्वेच्या पऱ्ह्यापर्यंत काढायचा, खोदाईचा खर्च आमचा. गडग्याचे सिमेंटचे सांधे फोडून तो पुन्हा कोरडा रचायचा, खर्च निम्मा निम्मा. चर दर वर्षी मृगाआधी साफ करायचा, एक वर्ष त्यांनी, एक वर्ष आम्ही.

आणि शेवटची ओळ वकिलीणबाईंनी सांगून घातलेली: गडगा आहे तिथेच राहील, यामुळे कुणाचाही हद्दीबाबतचा हक्क कमी-जास्त होत नाही. जमिनीची अदलाबदल अशा साध्या कागदावर होत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. त्या नऊ इंचांचं आणि दीड फुटाचं काय करायचं ते आम्ही ठरवलेलं नाही. दोन्ही घरांनी ते जाणूनबुजून तसंच ठेवलं आहे. तात्यांच्या मुलाला अजून निमताना हवी आहे. त्याला तो हक्क आहे आणि तो अर्ज करील तेव्हा आम्ही मोजणीला हजर राहू.

१२. काम कोणी, कधी करायचं ते ठरलेलं असू द्या

गडगा २०२३च्या मेअखेर उभा राहिला. त्यानंतरच्या पावसाळ्यांत त्याला पोट आलेलं नाही. पाऊस लागला की चिऱ्यांच्या फटींतून बारीक पाझर येतो आणि आमच्या परसातून पुढे जातो. तो बघायला मी मुद्दाम छत्री घेऊन जाते.

चराची साफसफाई आगोटीच्या कामांत धरली आहे. लाकडं भरणं, कौलं चाळणं, तसा चर. यंदा पाळी आमची होती. पातेरा, गाळ, फणसाची सडलेली पानं, दोन घमेल्यांनी दोन दिवस काढत होतो. तात्यांना आता वाकवत नाही. ते वर खळ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते आणि कुठे गाळ राहिला ते काठीनं दाखवत होते.